ब्रायटनची छत्री आणि छत्रीबाहेरचा सुखा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारे पन्नास मैलांवर, ब्रायटन नावाचे शहर आहे. समुद्रस्नान व हवापालट ह्यांसाठी ते प्रसिद्ध. त्या शहराच्या उत्तरेस, पॅचम गावावरील उघड्या टेकडीवर, पांढऱ्या संगमरवराची एक छत्री उभी आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ब्रायटनच्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदू व शीख शिपायांचे दहन जेथे झाले, त्याच जागेवर ती बांधलेली आहे. वाचकहो, आपल्या पाक्षिकात धर्मांतरितांच्या दाखल्यांच्या तक्रारींनाही जागा पुरत नाही. तेथे सातासमुद्रापलीकडील एका स्मारकाचे पुराण कशासाठी, असे आपण विचाराल. त्या छत्रीच्या पायाशी जो प्रश्न झाकला गेला आहे, तोच आमच्या खेड्यांतील ओढ्याकाठी आजही उघडा पडलेला आहे, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम स्मारकाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. ते सुंदर आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील दास गुप्ता नावाच्या एका लेफ्टनंटाने ह्या स्मारकाची कल्पना सुचविली व ब्रायटनचे तत्कालीन महापौर जॉन ऑटर ह्यांनी ती उचलून धरली. आराखडा मुंबईचे तरुण वास्तुशिल्पी ई. सी. हेन्रिक्स ह्यांनी केला. देखरेख सर सॅम्युअल स्विंटन जेकब ह्यांची, ज्यांचे आयुष्य जयपूर संस्थानच्या बांधकामखात्यात गेले होते. ता. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे अनावरण झाले. आठ खांब, त्यांवर घुमट, आणि समोर जमिनीत बसविलेल्या तीन मोठ्या शिला. ज्या चौथऱ्यांवर चिता रचल्या जात, ते चौथरे ह्या शिलांखाली झाकलेले आहेत. ज्याला हे ठाऊक नाही तो त्या शिलांवरून सहज नजर फिरवील. ज्याला ठाऊक आहे त्याला तेथे क्षणभर थांबावे लागेल.

छत्री हा आकार राजपुतान्याचा. राजाचे दहन झाले की त्या जागी छत्री उभारावयाची, असा तेथील राजघराण्यांचा प्रघात. शेतकऱ्याच्या घरातून महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर युरोपच्या चिखलात मरावयास गेलेल्या शिपायास राजाचे छत्र मिळावे, ही कल्पना हलकी नव्हे. आणि आम्हां बौद्धांस तर छत्राचा अर्थ त्याहून जुना ठाऊक आहे. सांचीच्या स्तूपावर जी तीन छत्रे एकावर एक चढली आहेत, ती अस्थींच्या सन्मानार्थ. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावरील लाकडी छत्र आजही पाहावयास मिळते. राजांनी छत्र आपल्या चितेवर नेले त्याच्या कितीतरी आधी ते एका भिक्षूच्या रक्षेवर धरले गेले होते, आणि त्या रक्षेपुढे कोणाची जात विचारली गेली नव्हती.

आता त्या छत्रीवरील लेख पाहू. दस्तऐवज हाती आला की आम्ही वकील प्रथम पक्षकार कोण ते पाहतो, मग मालमत्तेचे वर्णन, मग अटी. ब्रायटनच्या लेखाचे पहिले वाक्य व्यापक आहे: बादशहासाठी महायुद्धात प्राण देणाऱ्या सर्व हिंदी शिपायांच्या स्मृत्यर्थ. पुढे वर्णन येते आणि दस्त आखूड होतो: इस्पितळात मृत्यू पावलेले हिंदू व शीख जेथे अग्नीतून गेले ती ही जागा. शेवटी मोबदला लिहिला आहे: कृतज्ञ आदर आणि बंधुप्रेम. हा शेवटचा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. बंधुत्व हा शब्द बाबासाहेबांनी भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत आणला, तो त्यांनी बुद्धापासून घेतला असे ते सांगत. ब्रायटनच्या दगडावर तो त्याआधी तीन दशके कोरला गेला. पाहावयाचे ते इतकेच, की तेथे भाऊ कोण ठरले.

फ्रान्सच्या व फ्लँडर्सच्या खंदकांत जखमी झालेले हिंदी शिपाई डिसेंबर १९१४ पासून ब्रायटनला येऊ लागले. शहराने त्यांच्यासाठी रॉयल पॅव्हिलियन हा घुमटाचा राजवाडा दिला, एक शाळा दिली, आणि गरिबांच्या कामगृहाचे किचनेर हॉस्पिटल झाले. राजवाड्यातील इस्पितळाची छायाचित्रे साम्राज्यभर फिरविली गेली. झुंबराखाली खाटा, खाटांवर फेटेवाले शिपाई. किचनेर हॉस्पिटलभोवती मात्र काटेरी तारा होत्या, आणि शिपायांस मोकळेपणी शहरात फिरण्याची मुभा नव्हती. त्याची छायाचित्रे सरकारने वाटली नाहीत.

ह्या व्यवस्थेत सरकारला अत्यंत अभिमान कशाचा होता? जातिधर्म पाळल्याचा. पॅव्हिलियनच्या आवारात धर्म, जात व आहार ह्यांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे उभारली गेली. प्रत्येक वॉर्डात पाण्याचे नळ वेगळे: एक हिंदूंसाठी, एक मुसलमानांसाठी. झाडलोट व मैला उचलण्यासाठी अस्पृश्य जातींचे नोकर हिंदुस्थानातून आणले गेले. थोडा विचार करा. ज्या देशात नळाला जात नव्हती त्या देशात, त्या देशाच्या सरकारने, सरकारी खर्चाने, नळाला जात लावली. मनुस्मृती आगबोटीत बसवून ब्रायटनला नेण्याचे श्रेय एकट्या ब्राह्मणाला देता येत नाही. तिच्या तिकिटाचे पैसे ब्रिटिश खजिन्यातून गेले.

मुसलमान शिपाई मरण पावले, त्यांची संख्या २१. त्यांस वोकिंगच्या मशिदीजवळील दफनभूमीत नेले. हिंदू व शीख ५३. त्यांचे दहन पॅचमच्या टेकडीवर झाले, रक्षा समुद्रात सोडली गेली. हिशेब पुरा झाला असे वाटते.

पण एक देह ह्या हिशेबात बसला नाही. ब्रायटनच्या पश्चिमेस न्यू फॉरेस्ट नावाचा रानमुलूख आहे. तेथे ब्रॉकनहर्स्ट गावी हिंदी जखमींसाठी लेडी हार्डिंग हॉस्पिटल होते. त्या इस्पितळात सुखा कल्लू नावाचा एक स्वीपर कामास होता. संयुक्त प्रांतातील बरेली शहराचा राहणारा, वय वर्षे ३०. ता. १२ जानेवारी १९१५ रोजी तो मेला. इतिहासकारांनी दिलेली पुढील हकीकत अशी. तो अस्पृश्य, म्हणून हिंदूंच्या सरणाची जागा त्याला मिळेना. तो मुसलमान नव्हता, म्हणून वोकिंगची दफनभूमीही मिळेना. ज्यांचा मैला त्याने उचलला, ज्यांच्या रक्ताने माखलेल्या फरश्या त्याने पुसल्या, त्यांच्यापैकी कोणाच्याही शेजारी त्याला जागा नव्हती. अखेर ब्रॉकनहर्स्टच्या पाद्रीने त्याला गावच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरले. गावकऱ्यांनी दगड बसविला. त्या दगडावर त्याच्या मोहल्ल्याचे नाव आहे, त्याचा धंदा आहे, आणि तो ख्रिस्ती नव्हता हेही स्पष्ट लिहिले आहे.

वोकिंगकरांचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने सरळ होते. मयत त्यांच्या धर्माचा नव्हता. हिंदूंचे उत्तर तपासून पाहा. सुखा हिंदू होता की नव्हता? खानेसुमारीत तो हिंदू. पुढे मतदारसंघांचा वाद निघाला तेव्हा त्याच्या जातभाईंची डोकी हिंदूंच्या पदरात मोजण्यासाठी उपोषण झाले. आजही आम्ही बौद्ध झालो म्हणून ज्यांस दुःख होते, ते आम्ही हिंदू होतो असे छातीवर हात ठेवून सांगतात. मग पाच मण लाकडाचा प्रश्न आला तेव्हा हे हिंदुत्व कोठे गेले होते? मोजणीला हिंदू आणि सरणाला अस्पृश्य, असा हा दुहेरी जमाखर्च आहे. कोणत्याही दिवाणी न्यायालयात अशा वह्या पुराव्यात टिकणार नाहीत.

आमिष दाखवून धर्मांतर होते, अशी ओरड करणाऱ्यांस आमचे एक विचारणे आहे. सुखाला आमिष कोणी दाखविले? मेलेल्या माणसास आमिष दाखविता येत नाही. त्याचे धर्मांतर झालेच नाही. त्याला केवळ सहा फूट जमीन मिळाली, आणि तीही ज्यांचा तो कोणी नव्हता त्यांच्याकडून. ह्यावरून आम्ही ख्रिस्ती धर्माची जाहिरात करतो असे कोणी समजू नये. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांची थडगी वेगळी राखण्यासाठी मध्ये भिंत घातली गेली, हे आम्हांस ठाऊक आहे. जात आपल्या देशात सर्व देवळांत शिरते, काही ठिकाणी पायताण काढून शिरते इतकेच. म्हणूनच बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या आवारातील जागा मागितली नाही. मैला व वाळलेली फुले उचलणाऱ्या सुनीताला बुद्धाने संघात घेतले, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा विहार बांधला नव्हता.

ब्रायटनच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते प्रामाणिक माणसेही देतात. म्हणतात, आजारी माणसाच्या श्रद्धेचा आदर करणे गुन्हा आहे काय? परमुलखात मरणोन्मुख पडलेल्यास त्याच्या हातचे, त्याच्या जातीचे अन्न मिळाले तर त्यात इंग्रजांचे काय चुकले? आम्ही उत्तर देतो. शाकाहाऱ्यास शाकाहार मिळावा, मुसलमानास हलाल मिळावे, ह्यावर आमचा वाद नाही. पण जातीच्या स्वयंपाकघरात ताटात काय आहे हा प्रश्न नसतो. ते कोणी शिवले हा असतो. एकाच्या श्रद्धेचा आदर म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्शाचा अपमान, अशी जेथे गाठ बसलेली आहे, तेथे सरकार तटस्थ राहूच शकत नाही. सुखाचीही काही श्रद्धा असेल. ती कोणी विचारल्याचे दिसत नाही. नऊ स्वयंपाकघरे बांधताना ज्या अधिकाऱ्यांनी इतकी बारीक चौकशी केली, त्यांस एका मेहतराचे प्रेत कोठे जाईल हे आधी सुचले नाही. कारण त्यांनी चौकशी ज्यांच्याकडे केली, ते सर्व सुखाच्या वरचे होते.

हा दोष ब्रायटनच्या नगरपालिकेचा नव्हे. हिंदी लष्कराची घडणच तशी करून ठेविली होती. महारांच्या पलटणींनी कंपनीचे राज्य उभारले. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या नावांत ‘नाक’ प्रत्ययाची नावे इतरांच्या शेजारी कोरलेली आहेत. दगडावर तरी पंक्तिभेद झाला नाही. पण १८९२ साली महारांची भरती बंद केली गेली. गोपाळ बाबा वलंगकरांनी दापोलीहून १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली केला. त्यांचे कोणी ऐकले नाही. म्हणून १९१४ साली जे शिपाई ब्रायटनला पोहोचले त्यांत महारांची पलटण नव्हती. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ साली, म्हणजे प्रिन्सने छत्रीचे अनावरण केले त्याच वर्षी, ती मोडली. त्या वर्षी फेब्रुवारीत सुभेदार रामजींचा मुलगा लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होता. सहा वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, तोच कोरेगावच्या स्तंभापाशी उभा राहिला, आणि तेथून तीन महिन्यांच्या आत महाडास गेला. स्तंभावर नाव असूनही चवदार तळ्याचे पाणी मिळत नव्हते. दगडावरचे बंधुप्रेम आणि हक्क ह्यांतील अंतर त्याहून स्वच्छ कोणी दाखविलेले नाही.

छत्रीची पुढील कथा थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ती टेकडी लष्करी सरावासाठी घेतली गेली व संगमरवराला गोळ्या लागल्या. मग दुरुस्ती झाली. १९५१ पासून तेथे दरवर्षी मानवंदनेची यात्रा भरू लागली व ती पुढे तेथील हिंदी लोकांनी चालू ठेविली. पण नावे? जवळजवळ नव्वद वर्षे त्या टेकडीवर एकही नाव नव्हते. ता. २६ सप्टेंबर २०१० रोजी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने शेजारी वेगळा दगड बसविला, त्यावर त्या ५३ जणांची नावे आली. १९१७ साली स्थापन झालेल्या ह्याच आयोगाचे तत्त्व असे, की मृतांत दर्जा, वंश वा धर्म ह्यांवरून भेद होऊ नये. त्याच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये कबूल केले, की हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन व सोमाली अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० जणांचे नावाने स्मरण झालेच नाही, वा मुळीच झाले नाही. शंभर वर्षांनी का होईना, कबुली दिली. आमच्याकडील किती ग्रामपंचायतींनी, किती धर्मपीठांनी अशी आकडेवारीची समिती नेमली, हे कोणी आम्हांस सांगावे.

आता घरच्या प्रकरणाकडे येतो, कारण हा लेख त्यासाठीच लिहावयास घेतला.

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील बौद्ध वस्तीची चार माणसे आमच्याकडे आली. गावाचे नाव येथे देत नाही. गावाला पत्र्याची शेड असलेली पक्की स्मशानभूमी आहे, सार्वजनिक पैशातून बांधलेली. वस्तीतील एक म्हातारी भर पावसात वारली. प्रेत शेडकडे नेऊ लागले तेव्हा वाटेत चारजण आडवे झाले. शिवी नाही, काठी नाही, अत्यंत सौजन्याने बोलले, की तुमची जागा ओढ्याकाठी आहे, वाद कशाला. ओढ्याला पूर होता. ताडपत्री धरून, रॉकेल ओतून, रात्रभर ते सरण जळत ठेवावे लागले. पुढे पंचायतीने बैठक घेतली आणि तोडगा काढला: वस्तीच्या विकासनिधीतून तुम्हांस ओढ्याकाठी स्वतंत्र शेड बांधून देतो, गावच्या शेडपेक्षा चांगली, फरशीची, नळासकट. आलेल्या चौघांपैकी दोघांस हा तोडगा पसंत होता. वृद्ध गृहस्थ म्हणाले, “साहेब, शेड तर मिळते आहे. भांडून काय करायचे?”

वाचकहो, ह्या प्रश्नाने आम्हांस ब्रायटन आठवले. फरशीची शेड, नळासकट. पॅव्हिलियनमध्येही सर्व फरशीचेच होते, झुंबरेसुद्धा होती.

कायदा काय म्हणतो ते शांतपणे वाचा. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिच्या अंमलबजावणीसाठी १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम झाला. १९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम ४, खंड (चार) मध्ये कोणकोणत्या जागांचा वापर अस्पृश्यतेच्या कारणाने अडविता येत नाही, त्यांची यादी आहे. नदी, विहीर, तळे, पाण्याचा नळ, स्नानाचा घाट, दफनभूमी वा दहनभूमी, शौचालय, रस्ता. नळ आणि दहनभूमी एकाच खंडात आहेत. विधिमंडळाला ब्रायटन आठवले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण गावात जी बहिष्काराची साखळी असते तिच्या कड्या त्यांस नीट ठाऊक होत्या. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती झाली, आणि इतरांच्या बरोबरीने दफनभूमी वा दहनभूमी वापरण्यास अडथळा आणणे हा स्वतंत्र अपराध ठरला. ‘बरोबरीने’ ह्या शब्दावर सर्व भार आहे. वेगळी शेड कितीही चांगली असो, तिने बरोबरी होत नाही.

तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलिताचे प्रेत पुलावरून दोरांनी खाली सोडावे लागले, कारण स्मशानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या शेतातून होती व ती बंद केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. तेथेही दलितांसाठी स्मशानाची वेगळी जागा नेमून देण्याची भाषा सरकारी बाजूने झाली, आणि अशी वेगळी जागा देऊन सरकार स्वतःच जातिभेद करीत नाही काय, असा प्रश्न न्यायपीठाने विचारला. तोच प्रश्न आम्ही आमच्या जिल्ह्यात विचारीत आहोत. सरकारी पैशाने बांधलेली दुसरी शेड म्हणजे पहिल्या शेडवरचा आमचा हक्क आमच्याच निधीतून विकत घेणे होय. एकदा ती बांधली गेली, की अडविणाऱ्याला आडवे व्हावे लागणार नाही. तो नकाशाकडे बोट दाखवील, आणि नकाशावर तहसीलदाराचा शिक्का असेल. अडथळ्याचा अपराध पुराव्याने शाबीत करता येतो. शिक्क्याविरुद्ध कोणता साक्षीदार उभा करावयाचा?

आम्हां बौद्धांस तर दहनभूमीची भीती वाटण्याचे काही कारण नाही. ता. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर लाखो माणसे उभी होती, आणि त्या चितेच्या साक्षीने तेथेच हजारोंनी दीक्षा घेतली. त्या जागेवर आज चैत्य आहे. दर ६ डिसेंबरला तेथे येणाऱ्या माणसाला तू कोणत्या नळाचे पाणी पितोस असे कोणी विचारीत नाही.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही ब्रॉकनहर्स्टच्या दगडाची गोष्ट सांगितली. त्यांनी सुखाचे वय विचारले. मग बराच वेळ ते बोलले नाहीत. शेवटी चौघांनी मिळून जो अर्ज केला, त्यात नव्या शेडची मागणी नाही. गावच्या स्मशानभूमीची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात ‘सार्वजनिक’ अशीच राहावी, तिच्या फाटकावर सर्व गावकऱ्यांस खुली असल्याची पाटी लावावी, वेगळ्या शेडचा ठराव रद्द करावा आणि तो निधी वस्तीच्या वाचनालयाकडे वळवावा, एवढेच त्यात लिहिले आहे. अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात व एक जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहे, दोहोंच्या पोहोचपावत्या आमच्याकडे आहेत. ज्या वाचकांच्या गावी असाच तोडगा पुढे आला असेल, त्यांनी ठरावाची प्रमाणित नक्कल घेऊन आमच्याकडे पाठवावी. नक्कल मागण्याचा अर्ज करावयास वकील लागत नाही.